बॅटरीच्या गाडीतलं पेट्रोल

बाबांच्या बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलचा वास येत होता. ते जाऊन महिना होत आला होता. मी आईला चिपळूणहून माझ्याकडे कराडला न्यायला आले होते, पण ती गाडीत बसायलाच तयार नव्हती. "मळमळतं मला. विकून टाक ती." बाबांनी हौसेने घेतलेली शेवटची वस्तू विकायला माझं मन होईना.

शेवटी मेकॅनिक इस्माईलला घरी बोलावलं. "ताई, हिला टाकीच नाही, तर पेट्रोल येणार कुठून?" म्हणत त्याने सगळी गाडी हुंगली आणि डिकीच्या तळाचं झाकण उचललं. खाली, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली प्लास्टिकची बाटली होती. बूच सैल झालं होतं.

"हे घ्या पेट्रोल!"

आई पायरीवरून उठून आली. "घाटात चार्जिंग संपलं तर काय, म्हणून मी सारखी मागे लागायचे. एक दिवस म्हणाले, काळजी करू नकोस, सोय केलीय." चाळीस वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाची सोय तिने हातात घेऊन नीट पाहिली.

"अहो," ती बाटलीलाच म्हणाली, "पण ओतणार कुठे होतात?"

आणि ती हसायला लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. डोळे पुसत तिने बाटली इस्माईलला देऊन टाकली, गाडीची चारही दारं उघडली आणि थोड्या वेळाने पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"घाटात जपून चालव हं," ती म्हणाली. "आता आपल्याजवळ सोय नाही."