न हलणारं मचाण

"वहिनी, हे घ्या. स्वस्त आहे आणि हलकंही," देवदत्त म्हणाला.

शोभनानं शिडीच्या जोडावरून बोट फिरवलं. अठरा वर्षं धातूंच्या प्रयोगशाळेत मुरलेलं बोट होतं ते. "वेल्डिंगमध्ये छिद्रं आहेत, भावजी. पुढचं दाखवा."

दुकानातलं हे चौथं शिकारीचं मचाण. सोळा फुटी शिडी, वर बसायला जागा. झाडाला टेकवून पट्ट्यांनी आवळायचं. तिनं पायऱ्या पाहिल्या, पट्ट्यांची शिवण ताणून पाहिली. मग वर चढून बसली आणि अंग दोन्ही बाजूंना झोकून दिलं.

"जरासुद्धा हलायला नको."

देवदत्त हसला. "आर्य काय वर नाचणार आहे? एवढी परीक्षा तुम्ही पीएचडीवाल्यांचीही घेत नसाल!"

"एकुलता एक मुलगा आहे माझा."

गेल्या नोव्हेंबरात तिचा नवरा केदार देवदत्तबरोबरच रानात शिकारीला गेला होता, तो जिवंत परतला नव्हता.

"पायी फिरत होता ना तो," देवदत्त हळूच म्हणाला. "वर बसला असता तर... निदान लांबून माणूस ओळखू यावा म्हणून नारंगी जॅकेट तरी घालायचं. झुडपात मला हरीणच वाटलं, वहिनी. ऑफिसरलाही मी तेच सांगितलं."

शोभना पट्ट्याचं लेबल वाचत राहिली. त्या सकाळी त्या जॅकेटची अडकलेली चेन तिनंच मेण घासून गळ्यापर्यंत ओढून दिली होती. जॅकेट पुढे कुणालाच सापडलं नाही.

"हेच घेऊ," ती म्हणाली. "पण लावून तुम्हीच द्या. तुमची जागा दिसेल असं. म्हणजे आर्यवर तुमची नजर राहील."

देवदत्तचे डोळे पाणावले. "हे काय सांगायला हवं? मी ओढ्यापलीकडेच बसतो. साडेसाताला ओढ्यावरच्या फळीवरून येईन, त्याला बघून जाईन."

रविवारी त्यानं सगळे पट्टे स्वतः आवळले. आड येणाऱ्या फांद्याही छाटल्या.

शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या सकाळी आर्य ॲन आर्बरला कॉलेजच्या हॉस्टेलवर झोपला होता. मचाणावर शोभना बसली होती. कमरेचा पट्टा अडकवलेला, बंदूक पुढच्या दांडीवर टेकलेली, बोट चापावर. मचाण खरंच तसूभरही हलत नव्हतं.

साडेसाताला फळीवर नारंगी टोपी दिसली.

ऑफिसरला सांगायचं वाक्य तिनं पुन्हा एकदा पुटपुटून पाहिलं. "झुडपात मला हरीणच वाटलं."