तोंडानं श्वास घे

"काकांनी आज मला डोळा मारला गं," जाडी खोलीतून बाहेर येत म्हणाली. "तुझे बाबा भारी गोड आहेत."

मनी चादरीची घडी घालत राहिली.

तिघी एकाच लाँड्रीत कामाला होत्या. जाडी इस्त्रीवर, मास्तरीण गल्ल्यावर, मनी डाग काढायच्या टेबलावर. मास्तरणीनं कधी शाळेत शिकवलं नव्हतं, पण ती सगळ्यांच्या चुका काढायची. आणि मनी पाठीशी येऊन उभी राहिली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. पावलांचा आवाज म्हणून यायचा नाही तिच्या.

आता करण्यासारखं काही नाही, फक्त त्रास होऊ देऊ नका, असं सांगून डॉक्टरांनी बाबांना घरी पाठवलं होतं. तेव्हापासून जाडी आणि मास्तरीण आलटून पालटून रजा टाकत होत्या. त्यांना कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, चमच्यानं पाणी पाजणं, सगळं त्याच करत. मनीकडे औषधं, स्वयंपाक आणि धुणं. ती खोलीच्या दारापर्यंत यायची, हातातलं देऊन परत फिरायची.

"बापाची ही दशा बघवत नाही तिला," जाडी म्हणायची. एरवी सगळ्यांना फैलावर घेणाऱ्या मास्तरणीनं मात्र मनीला त्याबद्दल एकदाही छेडलं नव्हतं.

त्या दुपारी लाँड्री बंद होती. दोघीही बाबांजवळ बसलेल्या असताना जिन्यात पावलं वाजली. जड, सावकाश. वरच्या मजल्यावर कुणीतरी सामान नेत असावं. बाबा दचकले. मान उचलायचीही ताकद उरली नव्हती, तरी कोपरांवर जोर देऊन ते पलंगाच्या कडेला सरकू लागले.

"आले."

"कोण आलं काका? पाहुणे?" जाडीनं हसत विचारलं.

"वडील. दिवा घालवा. मला पलंगाखाली जाऊ दे."

"अहो, तुमचे वडील जाऊन जमाना झाला," मास्तरीण समजावू लागली. "इथे आम्हीच आहोत."

ते आणखीच बिथरले. जाडीनं खांदे धरले तर तिचे हात ओरबाडले. दातांवर दात वाजू लागले.

"मनी! अगं पडतील हे! ये ना इकडे!"

मनी स्वयंपाकघरात होती. पावलं ऐकताच तिनं गॅस बंद केला होता आणि ती ओट्याला पाठ लावून उभी राहिली होती. या घरात जिना वाजला की ती लहानपणापासून असंच करत आली होती. तेव्हा जिना चढून बाबा यायचे.

ती खोलीत आली. पलंगाजवळ गेली.

"धरू नका त्यांना," ती म्हणाली. "बोलूही नका. पडदा ओढ, जाडे."

मग गुडघ्यांवर बसून बाबांच्या कानाशी वाकली. त्यांना तिनं आयुष्यात कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"भिंतीकडे तोंड कर. पाय पोटाशी घे. झोपलायस असं वाटलं पाहिजे. तोंडानं श्वास घे, नाकाचा आवाज होतो."

बाबांनी निमूटपणे सगळं केलं. जेवढं जमलं तेवढं.

"ताई, आता हात-पाय धुतील," ते पुटपुटले.

"हो. मग पाणी पितील. पेला आपटला तर हलायचं नाही."

"नाही आपटला तर?"

"तरी हलायचं नाही."

त्यांनी मान हलवली. जाडी काहीतरी विचारणार होती. मास्तरणीनं तिचा हात दाबून तिला खाली बसवलं.

"ताई, छडी कपाटावर आहे का बघ."

मनीला ठाऊक होतं की तिथे औषधांच्या खोक्याशिवाय काही नाही. तरी तिची नजर वर गेलीच.

"नाहीये. मी मोडून टाकली."

"तुला मारतील गं, ताई."

"मारू देत."

पावलं दारावरून पुढे गेली. वर कुठेतरी कडी वाजली. बाबांनी तोंड वळवलं, चाचपडत तिचा दंड धरला आणि हात कोपरापर्यंत नेला. मनीचा तो हात पुरता सरळ होत नसे. लहानपणी जिन्यावरून पडले, असं ती लाँड्रीत सांगायची.

"लागलं का तुला?"

मनीनं हात मागे घेतला नाही.

"हो," ती म्हणाली. "खूप लागलं."

बाबांनी ओठ पुढे केले आणि तिच्या कोपरावर फुंकर घातली. फुंकर कसली, नुसती धाप. त्यातच दोन वेळा थांबले, पुन्हा घातली.

"जाईल हां आता," ते म्हणाले.

दिवेलागणीच्या आधीच ते गेले. मनीच्या कोपरावरचा हात त्यांनी शेवटपर्यंत काढला नव्हता आणि तिनंही तो हलवला नाही. जाडी तिच्या पाठीला पाठ लावून जमिनीवर बसून होती. तिला रडू येत होतं, पण कुणासाठी ते तिला समजत नव्हतं. शेवटी मास्तरणीनंच बाबांची बोटं एकेक करून सोडवली, मनीच्या कोपरावर आपली ओढणी टाकली आणि फोन हातात घेतला.

"डॉक्टरांना बोलावते," ती म्हणाली. "आणि तुझ्या आत्याला कळवायला हवं गं. सारखं ताई, ताई करत होते. नंबर दे त्यांचा."

"मला आत्या नाही," मनी म्हणाली. "बाबा एकुलते एक."