सुरमईचं तिकीट

सोपानरावांनी चिमट्यात पोस्टाचं तिकीट धरलं होतं. जीभ बाहेर काढली होती. तिकीट जिभेजवळ आलं आणि त्यांनी जीभ पुन्हा आत घेतली. सकाळपासून हेच चाललं होतं.

तिकिटावर सुरमई होती आणि सोपानरावांच्या गळ्यात तुळशीची माळ.

न्हावऱ्यात माळकरी पुष्कळ, पण इतका कडक दुसरा नाही. कुणी अंड्याचं नाव काढलं तरी हा माणूस उठून जायचा. नाद एकच, तिकिटं जमवण्याचा. वहीत मोर होते, वाघ होते, देवळं होती. मासा एकही नव्हता. शिरूरचे तिकीटवाले दोस्त अदलाबदलीला मुद्दाम मासा पुढे करायचे आणि यांचं तोंड बघून हसायचे.

अशा माणसाच्या लेकीने, प्रांजलने, मालवणला मासेमारी करणाऱ्या घरातल्या मुलाशी लग्न केलं. तेव्हापासून बाप लेकीशी बोलला नव्हता. तिचा फोन आला की आई, गिताबाई, बोलायची. सोपानराव गोठ्यात जाऊन म्हशीला उगाच चारा टाकायचे. म्हैस तेवढी गुबगुबीत झाली. वाईट बापालाही वाटत होतं आणि लेकीलाही. आधी बोलायचं कुणी, एवढंच अडलं होतं.

शेवटी काल प्रांजलचं पाकीट आलं. आत अरबी समुद्रातल्या प्राण्यांच्या कोऱ्या करकरीत तिकिटांचा संच. डॉल्फिन, कासव, खेकडा, पापलेट, सुरमई. सोबत चिठ्ठी होती, ‘आप्पा, फोनवर बोलवत नसेल तर दोन ओळी लिहा. तुमची तिकिटं वहीतून बाहेर निघत नाहीत, म्हणून ही पाठवलीत.’

सोपानरावांनी आज उत्तर लिहिलं. लिहिलं आणि लगेच पाकीट डिंकाने बंद केलं. काय लिहिलं ते सांगेनात. गिताबाई पाकिटाकडे बघत राहिल्या. माणूस रागीट. कायमचं तोडूनच टाकलं असलं तर?

त्या वाटीत पाणी घेऊन आल्या.

“अवो, बोट भिजवून लावा की. कशाला जिवाला तरास?”

सोपानरावांनी मान हलवली.

“मग त्यो डॉल्फिन तरी लावा. त्यो मासा न्हाई म्हंत्यात.”

“न्हाई. सुरमईच लावायची.”

आता मात्र गिताबाईंचा धीर सुटला. “पोरीला टोमणा मारताय व्हय? एवढा राग आसंल तर नका धाडू पत्र!” त्यांचे डोळे भरून आले.

सोपानरावांनी डोळे मिटले. माळेला हात लावला. आणि तिकिटाच्या पाठीवरून सरळ जीभ फिरवली. काढा प्यायल्यासारखं तोंड झालं. मग तिकीट पाकिटावर ठेवून त्यांनी ते अंगठ्याने नीट दाबलं. संच फुटला होता, पण तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

“टोमणा न्हाई गं,” ते म्हणाले. “पुढच्या आठवड्यात आपुन दोघं येतोय, आसं लिवलंय. तिच्या सासूच्या भांड्यातला वरणभात खायचा, तर जिभंला आधी थोडी सवय नको व्हय?”