चाकं जराशी बाहेर

अजेयच्या पत्राला माधवरावांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र आषाढात आलं होतं आणि आता गणपती तोंडावर आले होते.

फोनवर बोललेलं घरात सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून नाशिकच्या मुलानं मुद्दाम कागदावर लिहिलं होतं. ‘बाबा, गाडी आली ती आली. आता म्हणे चाकांना स्पेसर लावायचेत. हा हट्ट तुम्हीच मोडा. लाडावूनही तुम्हीच ठेवलंय. गणपतीला आलो आणि चाकं बाहेर दिसली, तर चावी काढून घेईन आणि गाडी विकून टाकीन. हट्ट मोडल्याचं लिहून कळवा.’

माधवरावांनी जन्मात कुणाचा हट्ट मोडला नव्हता. अलिबागच्या वाचनालयात नोकरी झाली, तिथंही उशिरा पुस्तक आणणाऱ्याला ते ‘घाई नाही ना झाली वाचायला?’ असं विचारत. स्पेसर या विषयावर मिळेल ते त्यांनी वाचून काढलं. वाचून झाल्यावर आपल्याला काहीच कळलेलं नाही अशी शंका त्यांना आली. ती त्यांना प्रत्येक वाचनानंतर येई.

हट्ट काही मोडत नव्हता. निदान चाक तरी मोडू नये, म्हणून ते चोंढीला हितेश पाटलाच्या गॅरेजात येऊन बसले होते. गाडी हितेशनं स्वतःच माधवरावांच्या किहीमच्या वाडीतून आणली होती. लाल, बुटकी, उभ्या उभ्या गुरगुरणारी.

“काका, गाडी न्हाय, वाघ हाय वाघ!” हितेश म्हणाला. “परवा मांडव्याच्या वळणाला मला मागं टाकून गेली. चालवणाऱ्याचं तोंड पण दिसलं न्हाय. नातू काय?”

नातू पुण्याला शिकत होता आणि त्याला सायकलही धड येत नव्हती. पण समोरच्याला खोडून काढणं माधवरावांच्या जिवावर येई. ते म्हणाले, “घरच्या मंडळींना वेगाची आवड आहे.”

“सीट किती पुढं घेतलंय! त्यावर उशी पण. उंचीला बेताचा दिसतोय.”

“उंची बेताचीच.”

“लगीन करून टाका त्याचं. घरात दुसरं माणूस आलं की आपोआप साठच्या खाली येतंय.”

“लग्नानं तसं काही होत नाही,” माधवराव जमिनीकडे बघत म्हणाले.

हितेश हसला आणि त्यानं फळीवरून दोन जाड चकत्या काढून आणल्या. “ह्या घ्या पंचवीस मिलिमीटरच्या. चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब, ह्यांच्या मध्ये घातल्या की एवढं अंतर मिळतं. कुठल्या पण गाडीला बसतात.”

“कुठल्याही गाडीला बसतात, म्हणजे कुठल्याच गाडीला नीट बसत नाहीत,” माधवराव म्हणाले आणि स्वतःच दचकले. “असं... वाचलंय. चुकत असेन मी.”

“काका, पन्नास ट्रक हायेत आमच्या घरचे.”

“हो, हो. ते आहेच.” पण त्यांचा हात पिशवीतल्या ओळंब्याकडे गेला होता. मडगार्डच्या कडेवरून त्यांनी दोरा सोडला. “मागे बोटभर जागा आहे, पुढे त्याहून कमी. टायर या दोऱ्याच्या बाहेर येता कामा नये. मंडळींचं म्हणणं एवढंच, की उभी राहिली की गाडी पाय पोटाशी घेतल्यासारखी दिसते. पाय सोडून बसली पाहिजे. फाकून नव्हे.”

“मंडळी बोलतात मस्त!”

“बोलतात,” माधवरावांनी सुस्कारा सोडला.

मापाच्या चकत्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचनं आल्या. मधलं भोक हबवर अचूक बसणाऱ्या, सोबत तेवढ्यानंच जास्त लांब बोल्ट. खाऱ्या वाऱ्यानं हबवर गंजाचा थर धरला होता. हितेश तसाच चकती चढवणार, तोच माधवराव आडवे आले.

“आधी ब्रश मारा. गंजावर बसवली तर चाक डगमगेल.”

“एवढ्याशा गंजानं काय होतंय?”

“हितेश,” माधवराव म्हणाले, “या चाकांवर माझं सगळं घर बसतं.”

हितेशनं ब्रश घेतला. बोल्ट आधी हातानं फिरवले, पुरेसे आटे आत गेलेत ना ते मोजलं, मग समोरासमोरचे आवळले. गाडी खाली टेकवून टॉर्कच्या पान्यानं मोजून शेवटचा पीळ दिला. स्टिअरिंग दोन्हीकडे पुरतं वळवून टायर कुठं घासत नाही ना तेही पाहिलं.

“आता शंभरेक किलोमीटर पळू दे. मग पुन्हा आवळायला हवेत,” माधवराव म्हणाले. “नक्की ना? की मीच घाबरट?”

“घाबरटच. पण बरोबर हाय तुमचं.”

शंभर किलोमीटर एका सकाळीच पुरे झाले. हितेश पाना घेऊन वाडीवर आला, तेव्हा दोन बोल्ट नखभर फिरले. त्यानं ते पुन्हा आवळले. जाताना म्हणाला, “काका, नातवाचं नशीब हाय.”

माधवराव याही वेळी ‘हो, हो’ म्हणाले. मग घरात गेले, कार्ड घेतलं, दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं आणि विचार बदलायच्या आत किहीमच्या पोस्टात जाऊन टाकूनही आले. कार्डावर होतं:

‘चि. अजेय यास अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस. हट्ट मोडला नाही. बोल्ट दोनदा तपासलेत, टायर मडगार्डच्या आत आहे. चावी तू मागून बघ, माझा धीर होत नाही. तुझ्या आईला उभ्या जन्मात मी कधी अंतर दिलं नव्हतं. परवा दिलं. पुढे बारा मिलिमीटर, मागे पंधरा.’