लाडकी डिश

पडद्यावर गुणसूत्रांच्या जोड्या ओळीनं मांडल्या होत्या. विसाव्या जोडीत दोनाऐवजी तीन होती. शर्वरीनं दुसरी पेशी उघडली. तिथंही तीनच.

ऐनापुरेकाकांच्या दंडाच्या कातडीपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या या पेशी परवा त्यांच्याच डोळ्यात बसवायच्या होत्या. काका बाहेर बाकावर बसले होते.

"थोड्याच पेशी बिघडल्यात," सोबत काम करणारा निरंजन हळूच म्हणाला. "पुन्हा सुरुवात केली तर वर्ष जाईल. तोवर त्यांची नजर राहायची नाही."

"आणि डोळ्यात गाठ झाली तर?"



दर आठवड्याला पेशी नव्या डिशमध्ये हलवताना शर्वरी सगळ्यात भराभर वाढणारा पुंजकाच उचलायची. 'माझी लाडकी डिश' म्हणायची. भराभर वाढणं हाच बिघाड होता आणि तीच तो हौसेनं निवडत आली होती. गोठवलेला साठाही त्याच डिशचा.

तिनं डिशमध्ये ब्लीच ओतलं. गुलाबी द्रवाचा रंग बघता बघता उडाला.

ती बाहेर गेली. पावलं ऐकून काकांनी मान वळवली.

"कशी आहेत आमची पोरं?"

"बिघडली, काका. माझ्या हातून. टाकून दिली मी. परत पहिल्यापासून करावं लागेल."

काकांनी शर्टाची बाही दंडापर्यंत सारली आणि हात पुढे केला, ती उभी नव्हती त्या बाजूला.

शर्वरी सरकून तिथं जाऊन उभी राहिली.