सुखीजीवचा रिपोर्ट

यंत्राच्या पाठीवरचं रबर पुन्हा वितळलं होतं. मेलेली पाल उचलावी तसं त्याने ते यंत्र दोन बोटांत धरून टेबलावर ठेवलं आणि बोटं पँटला पुसली. पँटही चिकट झाली.

तळहाताएवढा कॉम्प्युटर. आत एआरएम जातीचा म्हातारा प्रोसेसर. बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेली होती. पण हौशी मंडळी फुकटात चालवत असलेल्या लिनक्स या सिस्टिममध्ये या डबड्याचा सपोर्ट अजून जिवंत होता, आणि तो जिवंत ठेवायचं काम याच्या गळ्यात पडलं होतं. दर रविवारी आतल्या खोलीत बसून तो डबड्यासाठी सिस्टिमची नवी फाइल बनवायचा. बायको चहा आणून द्यायची आणि जाताना आठवणीने दार ओढून घ्यायची.

सोडायला तो एका पायावर तयार होता. पण मंडळींचा नियम होता. फाइल बनवणारा सोडून आणखी एकाने जरी ‘चालतंय’ असं कळवलं, तरी सपोर्ट काढायचा नाही. आणि असा एक जण होता. नाव घेतलं होतं सुखीजीव. फाइल मंडळींच्या साइटवर चढवली की थोड्या वेळात त्याचा रिपोर्ट हजर: “छान चालतंय. चालू ठेवा.”

त्याला या माणसाची शिसारी आली होती. सगळं जग नवे फोन घेऊन मोकळं झालं, आणि हा एकटा ते कुजकं डबडं कवटाळून बसलाय.

त्या रविवारी वैतागात घोळ झाला. डबड्याच्या एआरएम फाइलऐवजी त्याने टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरची फाइल चढवली. कपाळावर हात मारून तो ती काढायला गेला, तोवर रिपोर्ट आला.

“छान चालतंय. आधीपेक्षा फास्ट.”

तो तरातरा स्वयंपाकघरात गेला. बायको खुर्चीत पाय वर घेऊन निवांत मोबाइल बघत होती.

“अगं, हा सुखीजीव एक नंबरचा थापाड्या निघाला. आजच्या फाइलने त्या डबड्याचा स्क्रीनसुद्धा उजळणार नाही, आणि म्हणे फास्ट. यंत्रच नाहीये मेल्याकडे. माझे रविवार नासवले फुकट.”

बायकोचे पाय खाली आले. “मग आता?”

“आता काय, आजच सपोर्ट काढतो. यापुढे रविवार तुझा नि माझा. पहिलं हे कपाट घेऊ. डबे काय असे लावतात? आणि तू सुरी धरतेस ना, ती पद्धतच चुकीची आहे. दाखवतो तुला.” स्वतःचा मोबाइल खिशात टाकून, बाह्या सरसावून, त्याने चिकट बोटांनी पिठाचा डबा उचलला.

बायकोने डब्यावर उमटलेले काळे ठसे बघितले. मग खाली मान घालून अंगठ्याने मोबाइलवर भराभर काहीतरी लिहिलं.

त्याचा खिसा थरथरला. सुखीजीव.

“माफ करा, मघाशी घाईत चुकीचं लिहिलं. स्क्रीन काळाच आहे. माझं सगळं आयुष्य या यंत्रावर चाललंय हो, सपोर्ट काढू नका. सावकाश दुरुस्त करा. सगळे रविवार लागले तरी चालतील.”