धानाच्या खोलीतला खड्डा

चार माणसं आणि दोन दिवस, एवढंच खुमेंद्रला हवं होतं, आणि अख्ख्या गावात ते मिळत नव्हतं. भाताची रोवणी जोरात होती. जास्त मजुरी देतो म्हटलं तरी लोक चिखलाचे पाय घेऊन हसत पुढे जात. शेजारचा जियालाल तर तोंडावर म्हणाला, "माश्याच्या हौसेसाठी धान सोडू का गा?"

खुमेंद्रचं टाळकं सरकलं. गेल्या साली त्याच्या बोडीतल्या, शेताजवळच्या लहान तळ्यातल्या, सात मरळींपैकी चार कुणाच्या तरी रश्श्यात गेल्या होत्या, आणि त्या दिवशी जियालालच्या घरून आलेला वास तो अजून विसरला नव्हता.

उरलेल्या तीन त्याने अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात आणून ठेवल्या. तेव्हा वीतभर होत्या, आता हातभर झाल्या होत्या. मरळ ही शिकारी जात. जागा कमी पडली की शेजारणीलाच तोंड लावते. एकीची शेपटी फाटली होती, दुसरीच्या पाठीवर दातांचे वण होते. आठ दिवसांत मोठं पाणी मिळालं नाही तर तिन्ही हातच्या जाणार, हे त्याला कळत होतं.

म्हणून तळं घरात. धानाची खोली या दिवसांत रिकामी असे आणि तिला कुलूप होतं. जमीन मातीची. भिंतींपासून दोन हात सोडून त्याने चुन्याची रेघ मारली होती: बारा फूट लांब, सात फूट रुंद. खणायचं चार फूट खोल. गोंदियाहून जाड ताडपत्री आली होती, मोटर आली होती, वर पसरायला जाळं आलं होतं, कारण मरळ उडी मारते. नव्हता फक्त खड्डा. स्वतः कुदळ मारायला गेला, तर वीतभर जाऊन कंबरेत कळ आली आणि भिंत धरून खाली बसावं लागलं. डॉक्टरने आधीच बजावलं होतं.

त्याची बायको ओमेश्वरी दारातून पाहत होती. आठ दिवस ती तुटकच बोलत होती.

"घरात तळं करते का कोणी?" ती म्हणाली. "मासे का लेकरं होत तुमचे?"

"तुले नाई समजत."

"मले काय समजन. किती माणसं लागतात?"

"चार. दोन दिवस. कायले इचारतेस?"

"असंच." तिने शिदोरी बांधली आणि बांधीवर, भाताच्या शेतात, रोवणीला निघून गेली. बायकोलाही आपलं दुःख कळू नये, याचा त्याला त्या जियालालपेक्षा जास्त राग आला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोलीस पाटील यादोराव दारात येऊन उभा राहिला.

"खुमेंद्र, तू घरात गुप्तधन खोदून राहिला म्हणते गाव. कायदा माहीत हाय ना?"

खुमेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोण म्हणते?"

"सारेच. बांधीवर बाया बोलून राहिल्या होत्या. तुह्या आज्यानं हंडा पुरला होता म्हणते."

"माह्या आज्याले नेसाले धड धोतर नव्हतं, पाटील. तळं होय ते, माश्याचं."

"घरात? कुलपात?"

खुमेंद्रने तळ्याची मापं काढलेला कागद त्याच्यापुढे धरला. यादोरावने तो उलटसुलट करून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे नकाशाबी हाय."

पुढचे दोन दिवस त्याने दात खाऊन काढले. दुकानात गेला की बोलणं थांबे. खिडकीबाहेर कुणीतरी उभं असे. तेही परवडलं असतं, पण बाया लेकरांना त्याच्या दारावरून नेईनाशा झाल्या. धनासाठी माणूस काय वाटेल ते करतो म्हणे. ज्या गावात जन्म गेला त्याने आपल्याला राक्षस ठरवावं, याने त्याला रडू येईल एवढा संताप आला.

रविवारी सकाळी तो चौकात उभा राहिला आणि आवाज चढवून बोलला.

"ज्याले पायजे त्यानं कुदळ घेऊन यावं. दिवसाढवळ्या खोदा, माह्यासमोर. रेघेच्या बाहेर जाऊ नका, भिंत पडन. निंगलं तं तुमचं. नाई निंगलं तं पुन्हा माह्या दारी थोबाड दाखवू नका."

कुणी येणार नाही असं त्याला वाटलं होतं. चौदा जण आले. जियालाल सगळ्यांत पुढे, रोवणी अर्धी टाकून. यादोराव खुर्ची मागवून बसला आणि सापडलं तर ते सरकारजमा, असं दर तासाला सांगत राहिला.

आशेच्या कुदळीला थकवा नसतो. प्रत्येक टोपली बाहेर उजेडात नेऊन चाळली जात होती, कुणी काही लपवू नये म्हणून. दुपारी एक खापर निघालं, तेव्हा तर दोन तास कुणी पाणी प्यायलाही थांबलं नाही. ते पाण्याच्या माठाचं निघालं. खुमेंद्र दाराशी बसून एकेकाची लाज काढत होता, आणि कुणी मान वर करून पाहत नव्हतं. दिवस कलला तेव्हा खड्डा माणसाच्या छातीला लागला होता आणि सगळ्यांचे चेहरे उतरले होते.

"धन सरकते," निघताना जियालाल पुटपुटला. "मालकाच्या मनात खोट असली का हंडा जमिनीतल्या जमिनीत सरकते."

खुमेंद्र त्याच्या अंगावरच धावला असता, पण कंबरेने साथ दिली नाही. सगळे पांगले तरी त्याचा राग निवत नव्हता. खड्ड्याकडे त्याने धड पाहिलंही नव्हतं.

"ज्यानं हे उठवलं त्याचं फक्त नाव कळू दे," तो ओमेश्वरीला म्हणाला. "जीभ हासडतो त्याची."

ओमेश्वरीने खुंटीवरची मापाची पट्टी घेतली, साडी खोचून खड्ड्यात उतरली आणि तिन्ही मापं घेतली.

"बारा, सात, चार," ती म्हणाली. "गढूळ पाणी सोडाले घरामागच्या वाडीतबी एक खड्डा लागन ना?"

"लागन. कायले?"

"उद्या मले बांधीवर जाणंच हाय. बायायले सांगून देईन, हंडा वाडीकडं सरकला म्हणून."